आधी पगाराची हमी, मग पहिली शिट्टी

२४ सप्टेंबर २०२२ रोजी वूस्टर वॉरियर्सने आपल्या सिक्सवेज मैदानावर न्यूकॅसल फाल्कन्सचा ३९-५ असा धुव्वा उडवला. इंग्लंडमधल्या रग्बीची सर्वोच्च लीग असलेल्या प्रीमियरशिपच्या त्या हंगामातला हा त्यांचा तिसरा सामना आणि पहिला विजय. दोन दिवसांनी इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनने क्लबला सर्व स्पर्धांतून निलंबित केले आणि क्लब दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. ५ ऑक्टोबरला लंडनच्या उच्च न्यायालयाने थकलेल्या करापोटी एक कंपनी मोडीत काढली. खेळाडूंचे करार याच कंपनीच्या नावावर होते, त्यामुळे त्या एका आदेशाने सगळे करार संपले. तिन्ही सामन्यांचे निकाल गुणतक्त्यातून पुसले गेले. वूस्टरला हरवून लंडन आयरिश आणि एक्सेटरने मिळवलेले गुणही त्यांच्या खात्यातून गेले.

हा क्लब काही रिकाम्या हातांचा नव्हता. चारच महिन्यांपूर्वी, १७ मे २०२२ रोजी, त्याने प्रीमियरशिप रग्बी चषक जिंकला होता. ब्रेंटफर्डच्या मैदानावर लंडन आयरिशविरुद्धचा तो अंतिम सामना जादा वेळेनंतरही २५-२५ असा बरोबरीत सुटला आणि वूस्टरचे ट्राय (समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) जास्त म्हणून चषक वूस्टरला मिळाला. पुढे जून २०२३ मध्ये लंडन आयरिशही निलंबित झाला. म्हणजे त्या अंतिम सामन्यात उतरलेले दोन्ही संघ तेरा महिन्यांच्या आत नाहीसे झाले. मधल्या काळात, १७ ऑक्टोबर २०२२ रोजी, वॉस्प्स प्रशासकांकडे गेला आणि खेळाडू व कर्मचारी मिळून १६७ जणांची नोकरी एका दिवसात गेली. १८६७ साली स्थापन झालेला आणि २००४ व २००७ मध्ये युरोपचा चषक जिंकलेला हा क्लब. तेरा संघांनी सुरू झालेल्या लीगमध्ये पुढच्या वर्षी दहा उरले.

व्यावसायिक रग्बी कशी चालवावी यावर इंग्लंडमध्ये बरेच वाद आहेत. बढती आणि पदावनती ठेवावी की नाही, पगारमर्यादा किती असावी, परदेशी खेळाडू किती घ्यावेत, असे अनेक. माझ्या मते हे सगळे दुसऱ्या क्रमांकाचे प्रश्न आहेत. संघाला हंगामात उतरू देण्याआधी त्या हंगामाचे पगार, त्यावरचा कर आणि खेळाडूंचा वैद्यकीय विमा यांचे पैसे क्लबच्या हाताबाहेरच्या खात्यात जमा असले पाहिजेत. नसतील तर वेळापत्रकात त्या संघाचे नाव छापू नये. ही अट आधी लागू व्हावी, बाकीचे वाद त्यानंतर घालता येतील.

हे का, ते कळण्यासाठी रग्बी संघाच्या हंगामाचा खर्च कुठे होतो ते पाहावे लागेल. सामन्याच्या दिवशी संघात २३ जण असतात, १५ मैदानात आणि ८ राखीव. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ खेळाडूंनी एकमेकांत गुंतून समोरच्याला रेटणे. या २३ मध्ये स्क्रमच्या पहिल्या रांगेत खेळू शकणारे सहा जण लागतात, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन प्रॉप, त्यांच्या मधला हुकर आणि तिघांनाही बदली. कारण साधे आहे. दोन्ही संघांचे मिळून जवळपास पावणेदोन टन वजन स्क्रममध्ये एकमेकांना भिडते. त्या दाबाखाली मान आणि पाठीचा कणा कसा धरायचा याचे शिक्षण नसलेला माणूस तिथे उभा केला तर जिवावर बेतते. प्रॉप जायबंदी झाला म्हणून मैदानाच्या कडेला धावणाऱ्या विंगरला त्या जागी ढकलता येत नाही, आणि प्रशिक्षित माणूस उरला नाही तर स्क्रम न ढकलता खेळावा लागतो. म्हणून एकट्या पहिल्या रांगेसाठीच क्लबला दहा-बारा खेळाडू पदरी बाळगावे लागतात. त्यात दुखापती आल्या, नोव्हेंबरमध्ये आणि सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेच्या काळात राष्ट्रीय संघाकडे जाणारे खेळाडू आले, आणि एका खेळाडूने हंगामात ३० पेक्षा जास्त सामने खेळू नयेत ही मर्यादाही आली. असे करत संघ चाळिशीच्या घरात जातो. २०२१ पासून वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेनुसार पूर्ण ताकदीच्या टक्करीचा सराव आठवड्याला १५ मिनिटांपुरता ठेवायचा आहे. ही सूचना योग्यच आहे. खेळाडूंच्या मेंदूची किंमत मोजून सराव होता कामा नये. पण अशा काळजीला माणसे लागतात. डॉक्टर, फिजिओ, ताकदीचे प्रशिक्षक, चित्रफितींचे विश्लेषक हे सगळे पगारावर असतात.

हा खर्च बारा महिन्यांचा असतो आणि उत्पन्न मात्र मोजक्या दिवसांचे. तेरा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला घरच्या मैदानावर १२ सामने मिळत होते. वूस्टर आणि वॉस्प्स गेल्यावर ते १० झाले, लंडन आयरिश गेल्यावर ९. सामन्याची तिकिटे, बिअर, जेवण, गाड्यांचे पार्किंग, पाहुण्यांचे कक्ष, या सगळ्याचे दिवस वर्षभरात एक चतुर्थांशाने घटले, आणि तेही ज्यांनी आपले हिशोब नीट ठेवले होते त्यांचे. क्लब बुडणे ही त्याच्या मालकाची खासगी बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. लीगमधला संघ एकटा बुडत नाही, तो शेजाऱ्याच्या गल्ल्यातूनही पैसे घेऊन जातो.

क्लब नेमका कसा बुडतो, तो क्रम तीनही प्रकरणांत बराच सारखा आहे. मे ते जुलैमध्ये पुढच्या हंगामाच्या सीझन तिकिटांचे पैसे येतात. सामने नसलेल्या उन्हाळ्यात ते पगारांवर खर्च होतात. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला आलेल्या प्रेक्षकाने भरलेला पैसा तो आसनावर बसण्याआधीच संपलेला असतो. ओढाताण सुरू झाली की पहिला हात पगारातून कापलेल्या कराच्या पैशाला लागतो. हा कर पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. तो खेळाडूचा पैसा असतो, क्लबचा नव्हे. पण तो न भरल्याची बोंब लगेच होत नाही, म्हणून तो वापरण्याचा मोह होतो. काही महिन्यांनी सरकारचा कर विभाग कंपनी मोडीत काढण्याचा अर्ज न्यायालयात करतो. त्या अर्जाची जाहीर सूचना निघाली की बँक खाते गोठवते, कारण १९८६ च्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम १२७ नुसार अर्जानंतर कंपनीने दिलेले पैसे न्यायालय परत फिरवू शकते आणि बँकेला तो धोका नको असतो. खाते गोठले की पगार अडतो, पुरवठादार रोख मागू लागतात, विमा कंपनी मागे हटते. सप्टेंबरच्या अखेरीस रग्बी युनियनने वूस्टरकडे तीन गोष्टींचे पुरावे मागितले होते. विम्याचे संरक्षण, पगारासाठी पैसे आणि पुढची पटण्यासारखी योजना. मागणी रास्त होती. चूक फक्त तारखेची होती. जे जूनच्या आत विचारायचे ते तीन सामने होऊन गेल्यावर विचारले गेले.

यात सर्वांत जास्त भरडतो तो जायबंदी खेळाडू. गुडघ्याचा लिगामेंट फाटला की पुन्हा मैदानात यायला साधारण नऊ महिने लागतात. करार संपला की पगार बंद आणि क्लबने काढलेला वैद्यकीय विमाही बंद. धडधाकट खेळाडूला दुसरा क्लब मिळतो. टेड हिल आणि ऑली लॉरेन्स वूस्टरहून बाथला गेले आणि बाथने २०२५ मध्ये प्रीमियरशिप जिंकली. जॅक विलिस वॉस्प्समधून तुलूझला गेला आणि फ्रान्सचा विजेता झाला. ही नावे सांगून 'शेवटी सगळ्यांचे भले झाले' असे म्हटले जाते. पण ऑक्टोबरमध्ये बहुतेक क्लबांचे संघ भरलेले असतात आणि पगारमर्यादेतली जागा संपलेली असते. दुसऱ्या फळीतला पंचविशीचा प्रॉप, अकादमीतला अठरा वर्षांचा मुलगा, ज्याचा व्हिसा क्लबच्या प्रायोजकत्वावर टिकून आहे असा सामोआ किंवा फिजीचा खेळाडू, यांना कोणी दारात उभे करत नाही. तिकीट खिडकीवरच्या बाईंना आणि गवत राखणाऱ्या माळ्याला तर दुसरा रग्बी क्लब नसतोच. वूस्टरच्या महिला संघालाही निलंबनाचा तडाखा बसला. तो काही काळ सावरला, पण २०२३-२४ च्या हंगामात उतरू शकला नाही.

इथे नेहमी पहिला आक्षेप येतो तो कोविडचा. साथीमुळे स्टेडियम रिकामी राहिली, सरकारी कर्जे डोक्यावर बसली, हे खरेच आहे. पण सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने २०१८ च्या अखेरीस लीगमधला २७ टक्के हिस्सा २० कोटी पौंडांहून जास्त देऊन घेतला होता. प्रत्येक क्लबच्या हाती एक कोटीहून जास्त पौंड एकरकमी आले. त्या बदल्यात पुढच्या सगळ्या वर्षांच्या उत्पन्नातला वाटा कायमचा गेला. तो पैसा साथीच्या वर्षभर आधी आला होता. त्यातून किती क्लबांनी एका हंगामाच्या पगाराइतकी शिल्लक बाजूला ठेवली? साथीने भिंत पाडली, पण भिंतीला पाया नव्हता हे आधीचेच दुखणे आहे.

दुसरा आक्षेप असा की पगारमर्यादा कमी केली की प्रश्न सुटतो. हे मला मुळीच पटत नाही आणि त्याचा पुरावा समोर आहे. २०२१-२२ पासून तीन हंगाम मर्यादा ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणली होती. तिन्ही क्लब नेमके या कमी केलेल्या मर्यादेच्या काळात बुडाले. मर्यादा एवढेच सांगते की जास्तीत जास्त किती खर्च करा. तुमच्याकडे तेवढे आहेत का, हे ती विचारत नाही. ज्याचे उत्पन्न कमी तोही मर्यादेला शिवण्याच्या शर्यतीत उतरतो, कारण मैदानावर समोरचा तेवढ्याच किमतीचा संघ घेऊन येतो. सॅरेसन्स या श्रीमंत क्लबने मर्यादा मोडली म्हणून २०१९ मध्ये त्याला ५३ लाख ६० हजार पौंड दंड आणि ३५ गुणांची कपात झाली, आणि त्या हंगामाअखेर त्याला खालच्या गटात जावे लागले. नियम कडक राबवता येतो हे यावरून दिसले. पण ती कडकपणाची शक्ती श्रीमंत क्लबने जास्त खर्च करू नये यावर लागली. गरीब क्लबने नसलेला पैसा खर्च करू नये यावर तेव्हा कोणाचीच नजर नव्हती.

अंथरूण पाहून पाय पसरण्याचे उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. एक्सेटर चीफ्स २०१० मध्ये वरच्या गटात आला, २०१७ आणि २०२० मध्ये विजेता झाला, २०२० मध्ये युरोपचाही. सभासदांच्या मालकीचा क्लब, स्वतःचे सँडी पार्क मैदान, सभा-समारंभांतून येणारे बारमाही उत्पन्न. साथीनंतर त्यांचेही गणित बिघडले तेव्हा २०२३ मध्ये सॅम सिमंड्स, जॅक नोवेल, ल्यूक कावन-डिकी अशा मोठ्या खेळाडूंना त्यांनी जाऊ दिले आणि तरुण संघ उतरवला. निकाल घसरले. हंगाम मात्र पूर्ण झाला.

आता फ्रान्सकडे पाहू. तिथे व्यावसायिक क्लबांसाठी आर्थिक नियंत्रण मंडळ आहे. क्लबचे अंदाजपत्रक हंगामाआधी त्याच्यापुढे जाते. प्रायोजकांचे करार, सीझन तिकिटांचा अंदाज, खेळाडूंच्या पगाराचा एकूण आकडा, मालक किती भरणार आणि कधी, हे सगळे तपासले जाते. न पटल्यास मंडळ नवे करार थांबवते, पगाराचा आकडा बांधून देते, किंवा क्लबला थेट खालच्या स्तरात पाठवते. २०१० मध्ये माँतोबाँला पैशांच्या कारणाने पहिल्या गटातून खाली काढले. २०११ च्या उन्हाळ्यात पॅरिसचा स्टाड फ्रान्से त्याच कड्यावर उभा होता. नव्या गुंतवणूकदाराने पैसे भरले म्हणून तो वाचला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे ती वेळेची. ही संकटे हंगाम संपल्यावर आणि नवा सुरू होण्याआधी आली. वेळापत्रक पुन्हा आखता आले, कोणाचे निकाल पुसावे लागले नाहीत. माँतोबाँने खाली जाऊन पुन्हा बांधणी केली आणि २०२५ मध्ये दुसऱ्या गटाचा अंतिम सामना जिंकून पंधरा वर्षांनी पहिल्या गटात परतला.

फ्रान्सला डोक्यावर घेण्याचा माझा इरादा नाही. तिथेही अनेक क्लब तोट्यातच चालतात, मालकाच्या खिशावर चालतात, आणि मैदाने बहुधा नगरपालिकांची असतात, म्हणून खर्चाचा एक मोठा भाग क्लबच्या वहीत दिसतच नाही. नियंत्रण मंडळ क्लबला नफ्यात आणत नाही. ते एवढेच पाहते की मालक जे देणार म्हणतो ते खरोखर द्यायला आला आहे. तेवढेच इंग्लंडमध्ये नव्हते. संसदेच्या क्रीडाविषयक समितीने जानेवारी २०२३ च्या अहवालात युनियन आणि लीग दोघांच्याही निष्क्रियतेवर बोट ठेवले, आणि त्यानंतर आर्थिक देखरेखीचे मंडळ नेमले गेले. देखरेख चांगलीच. पण देखरेख म्हणजे ताप मोजणे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जर्सी रेड्स बंद पडला. त्याआधीच्या हंगामात तो दुसऱ्या गटाचा विजेता होता. एकच गट खाली पाहिले तर तापमापकसुद्धा पुरेसा नव्हता.

म्हणून ठोस रक्कम हवी. कल्पनेतला एक मध्यम क्लब घेऊ. खेळाडूंचे पगार ५० लाख पौंड, प्रशिक्षक, वैद्यकीय पथक आणि कार्यालय मिळून २५ लाख. त्यावर मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा (ब्रिटनमधला सामाजिक सुरक्षेचा सरकारी हप्ता) सध्याच्या १५ टक्क्यांनी धरला तर वर्षाचा आकडा सुमारे ८६ लाख होतो, महिन्याचा ७ लाख २० हजारांच्या आसपास. यातले तीन महिन्यांचे पैसे, साधारण साडेएकवीस लाख, क्लबने १ जुलैपर्यंत अनामत म्हणून भरावेत. २०२४ च्या आठ वर्षांच्या करारानुसार युनियन पहिली चार वर्षे क्लबांना दरवर्षी किमान ३ कोटी ३० लाख पौंड देते, म्हणजे दहा क्लबांत सरासरी ३३ लाख. ही रक्कम क्लबच्या चालू खात्यात न टाकता त्याच अनामत खात्यातून दरमहा थेट पगारापोटी सोडावी. दोन्ही मिळून साडेसात महिने भरतात. उरलेल्या साधारण ३२ लाखांसाठी बँकेची, मागताक्षणी देय अशी हमी घ्यावी. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने दिलेली हमी चालणार नाही, कारण घर पडते तेव्हा दोन्ही खोल्या एकदम पडतात.

खाते कसे उघडायचे, इथे बारकाई लागते. पैसे नुसते 'वेगळ्या खात्यात' ठेवले आणि ते खाते क्लबच्या नावावर असेल तर दिवाळखोरीत प्रशासक त्यावर हक्क सांगेल आणि ते सगळ्या धनकोंत वाटले जाईल. ते कायदेशीर न्यासात हवे, लाभार्थी म्हणून खेळाडू आणि कर्मचारी यांची नावे हवीत, आणि विश्वस्तांत खेळाडू संघटनेचा माणूस हवा. दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत क्लबने कर भरल्याची पावती दाखवावी. पावती नाही आली तर त्या महिन्याचा कर विश्वस्तांनी भरावा आणि क्लबने १४ दिवसांत खड्डा भरून काढावा. तेही जमले नाही तर नवे करार बंद. गुणकपात मात्र मला मान्य नाही. मालकाने कर थकवला म्हणून खेळाडूने ऐंशी मिनिटे झुंजून मिळवलेले गुण काढून घेणे हा अन्याय आहे.

सीझन तिकिटांचे पैसेही याच रीतीने ठेवावेत. लीगचे नऊ घरचे सामने असतील तर प्रत्येक सामन्यानंतर एक नवमांश क्लबला मिळावा. आज क्लब बुडाला तर तिकीटधारक विनातारण धनकोंच्या रांगेत शेवटी उभा राहतो. आणि जायबंदी खेळाडूंचा विमा लीगने वर्षभरासाठी एकत्र काढून त्याचा हप्ता क्लबच्या वाट्यातून कापावा. करार संपला तरी चालू उपचार पूर्ण होईपर्यंत संरक्षण राहील अशी अट त्यात हवी. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे, आणि तो अजून का झाला नाही याचे पटणारे उत्तर मला सापडत नाही.

मैदानाचा मुद्दा वेगळा आणि मोठा आहे. वॉस्प्स डिसेंबर २०१४ मध्ये लंडनच्या परिसरातून कॉव्हेंट्रीला गेला, आणि २०१५ मध्ये साडेसहा टक्के व्याजाचे साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले. सामान्य गुंतवणूकदारांनीही ते घेतले. मे २०२२ मध्ये मुद्दल परत करायची होती, ती झाली नाही. क्लब बुडाला, स्टेडियम दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेले आणि दुसऱ्या गटातून परतण्याची २०२३ ची संधीही अटी पूर्ण न झाल्याने गेली. लंडन आयरिश तर ब्रेंटफर्डच्या फुटबॉल मैदानावर भाडेकरूच होता. वूस्टरकडे सिक्सवेज होते. क्लबच्या जमिनींचे काय होणार हा प्रश्न तिथल्या खासदारांनी संसदेत लावून धरला होता. ते मैदान उभे राहिले, म्हणून २०२५-२६ च्या हंगामात वूस्टर दुसऱ्या गटात पुन्हा खेळायला उतरू शकला. ज्या क्लबचे मैदान टिकले तोच परतला. तेव्हा मैदान, सरावाची जागा आणि पार्किंगची जमीन युनियनच्या लेखी संमतीशिवाय वेगळ्या कंपनीत हलवता येणार नाही, ही अट परवान्यातच असावी. पार्किंग हा शब्द मुद्दाम लिहिला. गावाबाहेरच्या स्टेडियमची पार्किंगची जागा गेली की स्टेडियम उभे असून निरुपयोगी होते.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. अशा अटी घातल्या की फक्त अब्जाधीश उरतील आणि खालून वर येणाऱ्या क्लबाचा रस्ता बंद होईल. हा रस्ता आधीच अरुंद आहे. ईलिंग ट्रेलफाइंडर्सने २०२२ मध्ये दुसरा गट जिंकूनही स्टेडियमची क्षमता १०,००१ नाही म्हणून त्याला वर घेतले नाही. पण दोन अटींत फरक आहे. आसनक्षमतेच्या त्या अटीने सगळ्यांना एकच आकडा लावला, गर्दी तीन हजारांची असो की तेरा हजारांची. पगाराची अनामत ज्याच्या त्याच्या पगाराच्या प्रमाणात असते. तीस लाखांचा संघ उतरवणारा क्लब त्या मानाने अनामत भरेल आणि कदाचित तळाला राहील, पण मे महिन्यात तो तिथेच असेल. मला विचाराल तर क्षमतेची अट पाच हजारांच्या वर नसावी आणि त्याऐवजी ही अनामत ठेवावी.

दुसरी शंका तारखेची. लंडन आयरिश जूनमध्येच निलंबित झाला, मग तिथे काय साधले? तो संघ २०२२-२३ मध्ये पाचवा आला होता. युनियनने मे अखेरची मुदत आठवडाभर वाढवली आणि ६ जूनला निलंबन झाले. पुढचे वेळापत्रक वाचले, खेळाडू मात्र अडकले, कारण बहुतेक क्लब मार्च-एप्रिलपर्यंत पुढच्या वर्षीचे करार उरकतात. म्हणजे अनामतीची अंतिम तारीख १ जुलै असली तरी अंदाजपत्रकाची तपासणी ३१ मार्चला पुरी झाली पाहिजे, आणि ज्याची तपासणी अडली आहे त्या क्लबच्या खेळाडूंना त्याच दिवसापासून दुसरीकडे बोलणी करण्याची मुभा हवी. क्लबांना हे आवडणार नाही. खेळाडूचे खेळण्याचे आयुष्य दहाएक वर्षांचे असते आणि क्लबला आपली अडचण त्याच्यापासून लपवण्याचा हक्क नाही.

हमी मागणे ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. आयपीएलमध्ये बँक हमीवरूनच दोन संघ गेले. कोची टस्कर्सचा करार २०११ मध्ये हमी न दिल्याच्या कारणाने रद्द झाला, पुणे वॉरियर्सचा २०१३ मध्ये. त्यातून शिकण्यासारखे दोन धडे आहेत. एक म्हणजे हमी क्रिकेट मंडळाच्या फीपोटी होती, खेळाडूंच्या पगारापोटी नव्हती. कोचीच्या खेळाडूंकडून पैसे न मिळाल्याची जाहीर तक्रार पुढे अनेक वर्षांनी आली. दुसरा, हमी कधी वटवायची आणि करार कधी तोडायचा याची पायरी-पायरीची लेखी रीत नसेल तर प्रकरण लवादात आणि न्यायालयात अडकते. कोचीच्या बाजूने गेलेला लवादाचा निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम ठेवला, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी.

भारताच्या रग्बीशी नाते सांगणारी आणखी एक जुनी गोष्ट इथे आठवते. कलकत्ता फुटबॉल क्लब हा रग्बीचाच क्लब होता. १८७८ मध्ये खेळणारे उरले नाहीत म्हणून तो बंद करायचे ठरले, तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि २७० रुपये वितळवून नागाच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता चषकासाठी खेळतात. कोणाचे देणे न ठेवता, उरलेल्या पैशातून खेळाला काही देऊन क्लब बंद झाला. इंग्लंडच्या युनियनकडे हा चषक सव्वाशेहून अधिक वर्षे आहे.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सात खेळाडूंची रग्बी, सहा फ्रँचायझी, साधारण पंधरा दिवस, सगळे सामने एकाच मैदानावर, आणि विजेता चेन्नई बुल्स. घरचे मैदान नाही, चाळिसांचा ताफा नाही, बारा महिन्यांचा पगार नाही, म्हणून आज धोका लहान आहे. पण ही लीग वाढावी असेच आपल्याला वाटते, आणि ती वाढेल तेव्हा करार लांबतील, संघ आपापल्या शहरांत जातील, दुखापती वाढतील. पगाराची अनामत न्यासात, विमा लीगच्या नावावर, आणि करार तुटला तरी चालू उपचार पूर्ण करण्याचे बंधन, ही तीन कलमे रग्बी इंडियाने फ्रँचायझी करारात आत्ताच घालावीत. आज सहा संघ आहेत आणि रक्कम छोटी आहे, मालक सही करतील. दहा संघ झाले आणि प्रत्येकाचे पैसे अडकले की त्याच मालकांची मते घेऊन हे कलम मंजूर करावे लागेल. इंग्लंड आज नेमके तिथेच थांबले आहे.